एका कॉम्प्युटरचे दोन संसार

जावईबापूंच्या खुर्चीचं चाक इअरफोनच्या वायरवरून गेलं, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि बाराच्या आत नावाडी मावशीला बुडवून स्टुडिओत पाठवायचं होतं.

घाबरू नका, जावईबापू कुणाच्या जिवावर उठलेले नव्हते. ते रेडिओसाठी मालिका लिहीत. दर शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या त्यांच्या मालिकेत एक नावाडी मावशी होती. नदीवर होडी चालवायची, दोन भांडखोर भाच्यांना सांभाळायची आणि भल्याभल्यांना होडीत बसवून, नदीच्या मधोमध नेऊन चार शब्द सुनावायची. लोकांचा तिच्यावर फार जीव. आता इतका जीव जडलेलं माणूस शेवटच्या भागात मारलं की श्रोते हमसून हमसून रडतात, हा जावईबापूंचा अनुभव. त्यामुळे शेवट ठरलेला होता. वादळात मावशी डॉक्टरला आणायला होडी घालते आणि शेवटच्या दृश्यात रिकामी होडी काठाला येऊन लागते. हे दृश्य लिहिताना जावईबापू स्वतःच मध्ये दोनदा नाक शिंकरायला उठले होते.

नऊ वाजता दिग्दर्शिकाबाईंचा फोन येऊन गेला होता.

"लेखकमहाराज, भाग लांबलाय. दोन मिनिटं कापा. ते दृश्य सहा आहे ना, दोघं भाचे काठावर भांडतात ते? ते उडवा."

"उडवतो. सात नंबरला मात्र हात लावायचा नाही."

"सात कशाला उडवीन? त्याच्यावरच तर सगळी मदार आहे. पण बाराच्या आत हं! नट येऊन बसणारेत. मागच्या वेळी तुम्ही उशीर केलात, आता पुन्हा केलात तर पुढची मालिका त्या कवीला जाईल, मला बोल लावू नका."

त्या कवीचं नाव काढलं की जावईबापूंचं पित्त खवळे. तो कवी पाच ओळींत पावसाला तीनदा हाक मारी, आणि तरीही लोक त्याला लेखक म्हणत.

जावईबापूंना जन्मापासून दिसत नसे. त्याचं त्यांना स्वतःला काही वाटत नसे. इतरांना फार वाटे, आणि त्याचाच काय तो त्रास होई. लिहिणं, वाचणं, पाठवणं सगळं ते कॉम्प्युटरवर करीत. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटरमधला आवाज त्यांच्या कानात वाचून दाखवी, तोही असा सुसाट की दुसऱ्याला वाटावं, कढईत मोहरी तडतडतेय. पडदा मात्र त्यांनी केव्हाच घराबाहेर काढला होता. "मला त्याचा उपयोग नाही, आणि माझं अर्धवट लिखाण वाचायचा तुम्हाला अधिकार नाही," असं बायकोला सांगून त्यांनी तो खाली गेटवरच्या वॉचमनला देऊन टाकला. वॉचमन त्यावर गेटच्या कॅमेऱ्याचं चित्र बघे. स्पीकर पडद्याच्या पोटातच होता, तोही त्याच्याबरोबर गेटवर नोकरीला गेला. वरच्या खोलीत उरलं एक खोकं, एक कीबोर्ड आणि एक इअरफोन.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घात केला तो पेटीवाल्याने.

पेटीवाला म्हणजे जावईबापूंचा शाळेपासूनचा मित्र. बाजाच्या पेट्यांचे सूर जुळवून द्यायचा त्याचा धंदा, आणि त्यालाही दिसत नसे. दोघांची मैत्री घट्ट आणि चढाओढ तिच्याहून घट्ट. कुणाच्या कॉम्प्युटरचा आवाज जास्त वेगाने बोलतो, यावर दोघे तासन् तास भांडत. परवा तो म्हणाला, "तू अजून त्याच जुन्या सिस्टिमवर आहेस? अरेरे. मी नवी घातली. फुकट आहे, हलकी आहे, आणि कधी रुसत नाही."

"माझी जुनी मला सोडवत नाही."

"सोडायला कोण सांगतंय? एकाच कॉम्प्युटरमध्ये दोघी राहतात."

"आणि भांडल्या तर?"

"भांडतील कशा? एका वेळी एकच घरात असते. दुसरी माहेरी."

जावईबापूंनी आदल्या दिवशी नवी सिस्टिम घातली. एक मेख तेवढी होती. बटण दाबलं की कॉम्प्युटर आधी विचारतो, आज कुठली सिस्टिम? पण विचारतो मुक्यानं, नुसता पडद्यावर लिहून. बोलणारा आवाज त्या वेळी झोपलेला असतो. सिस्टिम आली की मगच तो उठतो. त्यावर पेटीवाल्याने तोडगा सांगितला, की 'टुक्' असा आवाज आला की नुसतं एंटर दाबलं तर नवी, आणि खालचा बाण तीनदा दाबून एंटर मारलं तर जुनी. जावईबापूंनी ते पाठ केलं.

सकाळी त्यांनी हौसेने नव्या सिस्टिमला पहिलं अपडेट दिलं आणि जुन्या कप्प्यातला शेवटचा भाग तिच्यात उघडून ऐकायला घेतला. नवा आवाज अगदी संथ. एकेक अक्षर, स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने म्हणून दाखवणारा. त्याला पळवायचा कसा, ते शोधायला म्हणून जावईबापू पुढे सरकले आणि खुर्चीचं चाक वायरवरून गेलं.

इअरफोनचा डावा कान जागच्या जागी गेला. उजवा खरखरत तग धरून होता. घरात दुसरा इअरफोन नव्हता. बायकोचा बायकोबरोबर. बायको भुलीची डॉक्टर, सकाळपासून ऑपरेशनला उभी, फोन कपाटात. पण तिने वाढदिवसाला दिलेला बिनवायरचा हेडफोन डब्यातच पडून होता. जावईबापूंनी तो काढला, चालू केला, उरल्यासुरल्या उजव्या कानाने ब्लूटूथची यादी गाठली. आवाज म्हणाला, "एक यंत्र सापडलं," आणि पुढे नावाऐवजी आकडे-अक्षरांची लांबलचक माळ वाचायला लागला. दुसरं कुठलं यंत्र असणार? जावईबापूंनी खटकन एंटर मारलं.

"जोडलं," आवाज म्हणाला, आणि गप्प झाला. उजव्या कानातली खरखरसुद्धा थांबली. हेडफोनमध्येही चिडीचूप.

याच सुमाराला स्वयंपाकघरात सासूबाईंनी आपली श्रवणयंत्रं डबीतून काढून कानात घातली होती.

सासूबाई कान दाखवायला म्हणून लेकीकडे आल्या होत्या आणि नव्या यंत्रांची सवय होईपर्यंत राहिल्या होत्या. कानाच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "आजी, हे साधं यंत्र नाही. बॅटरी संपत आली की कानात बोलून सांगतं." त्यामुळे कानात कुणीतरी "जोडलं" म्हणालं, तेव्हा सासूबाईंना नवल वाटलं नाही. उलट बरं वाटलं. मात्र आठवडाभर मुकं असलेलं यंत्र एकदम इतकं बोलायला लागेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

जावईबापूंच्या मते नवी सिस्टिम रुसली होती. त्यांनी सरळ बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला, टुक् झालं, खालचा बाण तीनदा, एंटर. जुनी सिस्टिम आली की जुना आवाज खोक्याच्या वायरीतूनच, उजव्या कानात का होईना, येणार होता. पण आलं काहीच नाही. फक्त खोक्यातला पंखा घोंघावू लागला. त्यांनी पेटीवाल्याला फोन लावला.

"अपडेट दिलंस का रे?"

"सकाळीच दिलं."

"मग मेलास! अपडेटनं त्या यादीत एक ओळ वाढते. आता जुनी चौथ्यावर गेली असेल, नाहीतर पाचव्यावर. तुझ्या तिसऱ्यावर कोण आलंय, देव जाणे. बहुतेक मेमरी तपासायचा कार्यक्रम. तो एकदा लागला की दुपारपर्यंत तपासतो."

"दुपारपर्यंत? अरे, मला बाराला भाग पाठवायचाय!"

"दुसरी प्रत ठेवली असशील ना?"

"ठेवलीय की."

"कुठे?"

"याच कॉम्प्युटरमध्ये."

पेटीवाला मित्राच्या नात्याने जेवढं हसू दाबता येतं तेवढं दाबून म्हणाला, "बंद करून नुसतं एंटर मार, नवी तरी येईल. आणि कुणातरी डोळसाला पकड. पडद्यावर काय दिसतंय ते वाचू दे."

"पडदा गेटवर आहे."

"तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही," पेटीवाला म्हणाला.

"तू कुठलाच माणूस पाहिला नाहीस," असं म्हणून जावईबापूंनी फोन ठेवला. बंद, चालू, टुक्, एंटर. नवी सिस्टिम आली असावी. त्यांनी अंदाजाने पासवर्ड टाकला; त्याच्या प्रत्येक अक्षराजागी पडद्यावर एकेक चांदणी उमटते.

स्वयंपाकघरात सासूबाईंच्या कानात आवाज म्हणाला, "तारा. तारा. तारा. तारा. तारा."

"दिवसाढवळ्या?" सासूबाई स्वतःशी म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या.

"डेस्कटॉप. कचरापेटी. भरलेली आहे."

सासूबाईंनी वाकून पाहिलं. खरंच भरली होती. "अगंबाई, काय हुशार आहे मेलं!" त्या कौतुकाने म्हणाल्या, आणि पिशवी उचलून दाराकडे निघाल्या.

"आई, खाली चाललात का?" खोलीतून जावईबापू ओरडले. "वॉचमनला म्हणावं, तो पडदा घेऊन जरा वर ये. निकड आहे!"

"सांगते. फार बोलतं हो हे यंत्र!"

"माझं तर अजिबात बोलत नाहीये," जावईबापू कळवळून म्हणाले. दोघांनाही समोरच्याचं दुःख कळलं असं वाटलं आणि विषय संपला.

खाली गेल्यावर सासूबाईंच्या कानातला आवाज बंद पडला. वर आल्यावर पुन्हा सुरू झाला. त्यांना वाटलं, जिने उतरून दमला असेल.

वॉचमन पडदा छातीशी धरून आला. वायरी जोडल्या, पडदा उजळला. जावईबापूंनी श्वास रोखून विचारलं, "काय दिसतंय?"

"डोंगर."

"कसला डोंगर?"

"मोठा आहे साहेब. वर बर्फ आहे. खाली तळं आहे, तळ्यात पुन्हा तोच डोंगर. फार छान काढलाय."

"अरे, चित्र राहू दे! त्याच्यावर अक्षरं असतील ना?"

"आहेत की. कोपऱ्यात. मुंग्यांएवढी."

"मग वाच ना!"

"चष्मा खाली गेटवर राहिला, साहेब. आणतो पळत."

तो पळत गेला, पण आला चालत, आणि मागून सोसायटीचे सेक्रेटरी. गेटवरचा कॅमेऱ्याचा पडदा गायब बघून त्यांना चोरी झाल्याची खात्री पटली होती आणि चोराच्या खोलीत डोंगराचं चित्र बघून ते आणखी भडकले.

"गेट वाऱ्यावर सोडून तुम्ही इथे निसर्ग बघताय?"

"मी? बघतोय?" जावईबापूंनी विचारलं.

सेक्रेटरी चपापले, पण पडदा घेऊनच गेले. वॉचमन जाता जाता चष्मा पुसत हळूच म्हणाला, "डोंगराच्या वर काहीतरी छोटं चौकोनी होतं, साहेब." एवढ्या माहितीवर जावईबापूंना शेवटचा भाग पाठवायचा होता.

पावणेअकरा झाले. पेटीवाल्याचा पुन्हा फोन आला. "ऐक, मी सांगतो त्या कळा दाब. शेवटची उघडलेली फाइल उघडेल आणि आवाज ती पहिल्यापासून वाचायला लागेल. आवाज जिवंत असेल तर कळेलच." जावईबापूंनी कळा दाबल्या. हेडफोन कानाला घट्ट धरला. काही नाही. इअरफोनचा मेलेला कानही लावून पाहिला. काही नाही. पुढच्या मालिकेत तो कवी पावसाला किती हाका मारील, हा विचार करत ते डोकं धरून बसले.

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला. नळ बंद झाला. मग बराच वेळ काहीच हालचाल नव्हती. आणि मग ताट पडल्याचा दणका आला आणि सासूबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुम्ही मावशीला बुडवलंत?"

जावईबापू ताडकन उठले. शेवट त्यांनी बायकोला सांगितला नव्हता, पेटीवाल्याला सांगितला नव्हता. आठवडाभर रोज दोन वेळा जेवताना सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं, त्यांना तर नाहीच नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानं! कानातल्या त्या मुलानं! 'रिकामी होडी काठाला लागते, स्वल्पविराम, थोरला भाचा वल्हं उचलून छातीशी धरतो, पूर्णविराम.' अहो, त्या बाईला आत्ता कुठे चांगले दिवस आले होते! नवीन होडी घेतली होती तिनं!"

जावईबापूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. श्रवणयंत्रं. ब्लूटूथ. आकडे-अक्षरांची माळ. त्यांनी वेळ सांगायची कळ दाबली.

"अकरा वाजून बावीस मिनिटं," सासूबाई रागारागाने म्हणाल्या. "आणि विषय बदलू नका."

"आई!" जावईबापूंनी आपली खुर्ची त्यांच्याकडे ढकलली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सासूबाईंचा आवाज गोड वाटला. "तुम्ही इथे बसा. या खुर्चीवर. माझा आवाज तुमच्या कानात गेलाय. तो काय म्हणतो ते फक्त मला सांगत जा. माझी नोकरी तुमच्या हातात आहे."

"कानात," सासूबाईंनी दुरुस्ती केली. त्या बसल्या. पण घोडं पुढे जाईना. "आधी मावशीला वाचवा."

"आई, तसं नसतं हो. ती मेली नाही तर लोक रडणार नाहीत."

"लोकांना रडवायचे पैसे मिळतात का तुम्हाला?"

"हो!"

"मग दुसऱ्या कुणाला मारा. तो सावकार आहे, तो पोस्टमास्तर आहे. नाहीतरी तो पोस्टमास्तर कुणाला आवडत नाही."

"मी काही यादी घेऊन बसलोय का, हा मारू की तो? शेवट ठरलाय. बदलणार नाही."

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. मग सासूबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं बाई. तुम्ही लेखक. आम्ही आपल्या ऐकणाऱ्या. सांगा काय करायचं."

जावईबापूंना हायसं वाटलं. बायको हजार वेळा म्हणे, 'आईचा आवाज मऊ झाला की मी घराबाहेर पडते.' त्या घाईत त्यांना ते आठवलं नाही.

"आधी माझा हेडफोन जोडू, म्हणजे तुम्हाला त्रास नको. यादीत कोण कोण आहे म्हणतोय?"

सासूबाईंनी मान तिरकी करून ऐकलं. "मीच आहे एकटी."

"दुसरं काहीच नाही?"

"नाही हो. बिचारा पुन्हा पुन्हा माझंच नाव घेतोय."

"जाऊ दे. फाइलकडे चला." मग त्या दोघांची जोडी जमली ती अशी, की बघणाऱ्याला वाटावं, वर्षानुवर्षं एकाच दुकानात काम करतायत. जावईबापू कळ दाबत, आवाज सासूबाईंच्या कानात बोले, सासूबाई मोठ्याने म्हणत, जावईबापू पुढची कळ दाबत. मधूनच सासूबाई आपलंही मत घालीत. "दृश्य तीन, बाजार. हे छान लिहिलंय. दृश्य चार. इथे मावशीनं अजून बोलायला हवं होतं. दृश्य पाच, वादळ. अगंबाई."

"पुढे, पुढे. दृश्य सहा आलं की थांबवा."

बाण खाली, खाली, खाली. "अजून नाही आलं," सासूबाई म्हणत राहिल्या. "अजून नाही. लांब आहे हो हे वादळ. हं, आलं! दृश्य सहा, नदीकाठ."

"आता मी शिफ्ट धरून खाली जातो. दृश्य संपलं की सांगा."

"धरा. चला. चला. अजून आहे. काय भांडतायत मेले! चला... बास! संपलं."

जावईबापूंनी डिलीटवर बोट ठेवलं. दाबलं.

"गेलं का?"

"गेलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सुस्कारा टाकला.

"आता पुढे काय वाचतोय? दृश्य सात आहे ना जागेवर?"

"आहे की." सासूबाईंचा आवाज भरून आला. "रिकामी होडी काठाला लागते, स्वल्पविराम, थोरला भाचा वल्हं उचलून छातीशी धरतो..." त्यांना पुढे बोलवेना. पदरात नाक शिंकरल्याचा आवाज आला. जावईबापूंना अपराधी वाटलं आणि लेखक म्हणून धन्यही वाटलं. स्वतःच्या सासूला रडवणं सोपं नसतं.

बाराला पाच कमी असताना भाग गेला. थोड्या वेळाने दिग्दर्शिकाबाईंचा फोनवर निरोप आला, दोनच शब्द. "मिळाला. कमाल!" जावईबापूंनी दोन्ही हात वर करून खुर्चीत गिरकी घेतली आणि चाक पुन्हा त्याच वायरवरून गेलं.

दुसऱ्या दिवशी पेटीवाला वायरचा नवा इअरफोन घेऊन आला. सासूबाईंची यंत्रं डबीत ठेवली, इअरफोन खोक्यात खोचला, आणि आवाज घरी परतला. जावईबापूंनी स्वतः यादी ऐकली. बिनवायरचा हेडफोन दुसऱ्या नंबरावर ठणठणीत बसला होता.

"काल तर नव्हता," ते म्हणाले. "नवीन सिस्टिम आहे. शिकतेय अजून."

शुक्रवारी संध्याकाळी तिघं रेडिओसमोर बसले. बायकोने सुट्टी काढली होती, सासूबाई मटार सोलत होत्या. बाजार झाला, वादळ झालं. "येतेच मी, दार उघडं ठेवा रे," असं म्हणून मावशीनं होडी घातली. जावईबापूंनी खिशातून रुमाल काढला. आता रिकामी होडी.

रेडिओवर धाकटा भाचा म्हणाला, "होडी कुणाची? माझी!"

"आँ?" जावईबापू म्हणाले. "हे तर मी कापलं होतं!"

"तुझी? मावशी आल्यावर विचारू," थोरला भाचा म्हणाला. "ती येईपर्यंत मी इथून हलत नाही."

"मीपण नाही."

"मग बस."

पाण्याचा आवाज आला. पाणी, नुसतं पाणी, दूर कुठेतरी वल्ह्यासारखं काहीतरी, आणि मालिकेची धून वाजली. संपलं.

"अय्या, म्हणजे मावशीचं काय झालं?" बायको ओरडली.

"येईल की," सासूबाई शेंग सोलत म्हणाल्या.

जावईबापूंचा रुमाल हातातच राहिला. फोन वाजला. दिग्दर्शिकाबाई इतक्या जोरात बोलत होत्या की सगळ्यांना ऐकू येत होतं. "लेखकमहाराज! स्टेशनचे सगळे फोन खणखणतायत! बाई परत आली का, एवढंच विचारतात सगळे. दोघं रडले, बाकीचे भांडले. मी कापायला सांगितलेलं दृश्य ठेवून शेवटचंच उडवलंत, वर मला चकार शब्द नाही! वरचे साहेब म्हणाले, मावशीला परत आणा. अजून एक वर्ष! त्या कवीला मी कळवून टाकलं."

जावईबापूंनी फोन ठेवला. मग सावकाश मान वळवून, जिथून शेंगा फुटत होत्या त्या दिशेने ते म्हणाले, "आई, आपण दृश्य सहा कापलं होतं ना?"

"मी तर त्यानं सांगितलं तेच सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "त्याचाच घोटाळा झाला असेल. नवीन आहे बिचारा. शिकतोय अजून."

बायको उठून पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

पुढच्या आठवड्यात जावईबापू नव्या मालिकेला बसले. हेडफोन कानात होता, दोन्ही सिस्टिमी गुण्यागोविंदाने नांदत होत्या, आवाजही आता पळायला शिकला होता. त्यांनी पहिलं दृश्य लिहायला घेतलं. पहाट. धुकं. काठावर पेंगणारे दोन भाचे, आणि धुक्यातून येणारा वल्ह्याचा आवाज. होडीत डॉक्टर, डॉक्टरच्या मांडीवर बॅग, आणि डॉक्टरला वाटभर सुनावत आलेली मावशी. चांगलं जमत होतं. त्यांनी टाइप केलं, 'मावशी आता थकली होती, तिचं वय झालं होतं.'

"मुळीच नाही!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

जावईबापूंची बोटं कीबोर्डवर थबकली. त्यांनी हेडफोन चाचपला. आवाज त्यांच्या कानात होता, स्वच्छ. त्यांनी पेटीवाल्याला फोन लावला.

"हो, मीच जोडून दिलं त्या दिवशी," पेटीवाला म्हणाला. "नव्या सिस्टिममध्ये एकच आवाज दोन ठिकाणी पाठवता येतो. तुझी जुनी करत नाही असलं काही! सासूबाई म्हणाल्या, तुला विचारलंय. जेवायलाही वाढलं मला. का रे, तुला विचारलं नव्हतं?"

फोन ठेवून जावईबापू ब्लूटूथच्या यादीत गेले आणि पहिल्या नावावर, आकडे-अक्षरांच्या त्या माळेवर, थांबले. 'काढून टाकायचं? हो. नाही,' आवाजाने विचारलं. स्वयंपाकघरात एकदम शांतता पसरली.

बराच विचार करून त्यांनी 'नाही'वर एंटर मारलं, फाइलमध्ये परत आले आणि ते वाक्य खोडलं.

"हं," आतून आवाज आला. "आता पुढे लिहा."